सामायिक लहरीचे शिरस्ते

ॲरिझोना प्रांतातील टूसॉन येथील हौशी बिनतारी मंडळींनी १९८५ साली 'टीएनसी-टू' नावाची जी लहानशी पेटी सिद्ध केली, तिच्या पोटात झेड-८० जातीचा प्रोसेसर होता, तिची एक तार संगणकाकडे आणि दुसरी रेडिओकडे जाई, आणि पडद्यावर तिचे प्रथम दर्शन घडे ते 'सीएमडी' या तीन अक्षरांपुढे हुकुमाची प्रतीक्षा करणाऱ्या, विसर्गासारख्या दोन टिंबांच्या रूपाने. आपण मजकूर टंकावा, पेटीने त्याची पॅकेटे बांधून प्रत्येकावर पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे संकेतनाम घालावे, १२०० व २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत ती रवाना करावीत आणि पोच न आल्यास पुन्हा पाठवावीत, असा हा कारभार; त्याचा 'एएक्स-२५' नामक दंडक आदल्याच वर्षी मुक्रर झाला होता. आज मागे वळून पाहता मला त्या पेटीतील विद्युत्‌कौशल्यापेक्षा तिच्या हुकुमांची यादीच अधिक मोलाची वाटते, कारण एकाच लहरीवर अनेकांनी कसे नांदावे याची संपूर्ण तजवीज तीत होती.

पहिला हुकूम 'मायकॉल'. दिल्लीहून परवान्याबरोबर मिळालेले, 'व्हीयू'ने आरंभ होणारे संकेतनाम येथे भरावयाचे. ते भरेपर्यंत पेटी स्वतःस 'नोकॉल' म्हणवी. हे सारे स्मरण एका चिमुकल्या लिथियम सेलवर तगून असे, आणि तो संपला की पुढच्या खेपेस वीज देताच कारखान्यातील मूळ आकडे पुन्हा जारी होत.

त्यानंतर 'टीएक्स-डिले', आणि येथेच खरी कारागिरी. बटण दाबल्यापासून रेडिओची लहर पूर्ण उमटेपर्यंत जो क्षणांश जातो, तेवढा वेळ पेटीने थांबावे, यासाठी हा आकडा; एक म्हणजे दहा मिलिसेकंद, मूळ नेमणूक ३०. आकडा कमी पडला तर पॅकेटाचे डोके छाटले जाते, आणि फाजील ठेवला तर प्रत्येक पॅकेटापूर्वी निरर्थक खरखर वाजत राहून इतरांचा वेळ खाल्ला जातो. म्हणून पाच-पाचने उतरत जावे, पोच चुकू लागताच एक पायरी वर यावे आणि तेथे स्थिर व्हावे. जुन्या, रिले असलेल्या यंत्रांस ही मुदत अधिक लागे. 'पॅकलेन', म्हणजे एका पॅकेटातील अक्षरे, १२८ आणि 'मॅक्सफ्रेम', म्हणजे पोच येण्यापूर्वी पाठवावयाची पॅकेटे, ४ हे आकडे निर्मळ मार्गासाठी ठीक. मार्ग क्षीण असेल तर दोन्ही निम्म्याहून खाली आणणेच श्रेयस्कर.

महाबळेश्वरासारख्या स्थळी मात्र या आकड्यांना निराळाच अर्थ प्राप्त होतो. तेथील विल्सन पॉइंटची उंची १४३९ मीटर. तेवढ्या माथ्यावरून व्हीएचएफ लहरीचे क्षितिज हिशेबाने सुमारे दीडशे किलोमीटरांवर पडते. पूर्वेस वाईचे खोरे आणि पश्चिमेस पोलादपूरकडील सावित्रीचे खोरे ही दोन्ही माथ्याच्या कक्षेत येतात, परंतु मध्ये सह्याद्रीची भिंत असल्याने परस्परांस ऐकू शकत नाहीत. दोन्हीकडील केंद्रे लहर मोकळी समजून एकाच वेळी बोलू लागली की माथ्यावर नुसता कल्लोळ होतो. १९७१ साली हवाई बेटांवरील 'अलोहा' जाळ्यापुढे हाच प्रश्न उभा होता. टीएनसीचा जुना 'डीवेट' हुकूम सर्वांना सारखेच थांबवी, त्यामुळे लहर मोकळी होताच सारे एकदम उसळत. १९८७ मध्ये फिल कार्न व माइक चेपोनिस यांनी 'किस' पद्धती मांडली, तीत 'पर्सिस्ट' ६३ आणि 'स्लॉटटाइम' १० यांची योजना होती, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी चारांत एक या संभाव्यतेने बोलावे, एरवी गप्प राहावे. याने परस्परांस ऐकणाऱ्यांची टक्कर बरीचशी टळते. डोंगराआडच्याची टळत नाही. म्हणूनच उंचीचा मोह आवरावा, आणि खरी निकड नसेल तर माथ्यावरील पेटीचा, ऐकलेली पॅकेटे पुन्हा पाठवणारा, 'डिजिपीट' हुकूम बंद ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. जो सर्वांचे ऐकतो त्याने सर्वांचेच पुन्हा उच्चारले तर कोणाचेच पोहोचत नाही.

एका हुकुमाचा उल्लेख मराठी माणसाने तरी टाळू नये. 'एटबिटकॉन्व्ह' मुळात बंद असे, आणि बंद असता पेटी प्रत्येक अक्षराचा आठवा बिट पुसून टाकी. इंग्रजीचे त्यावाचून अडत नसे. परंतु भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या 'इस्की' प्रमाणाने, ज्यावर पुण्याच्या सी-डॅकची 'जिस्ट' प्रणाली चाले, देवनागरीला नेमकी वरची १२८ स्थाने दिली होती. साहजिकच मराठी अक्षर पेटीतून निघताच निराळ्याच रोमन अक्षराचे वा चिन्हाचे रूप घेई. हा एक हुकूम चालू करून तारेवरची अक्षरलांबी सातावरून आठ केली की तीच पेटी मराठी निमूटपणे वाहून नेई. दोष यंत्राचा नव्हता, गृहीतकाचा होता.

पुढे संगणकाच्या साउंडकार्डानेच पेटीचे काम अंगावर घेतले. आता 'डायरवुल्फ' हा मोफत प्रोग्राम तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवर चालतो. ना झेड-८०, ना लिथियम सेल. तरीही त्याची मूळ नेमणूक पाहावी: टीएक्स-डिले ३०, स्लॉटटाइम १०, पर्सिस्ट ६३.