द्राक्षाची कोन्याक आणि वसईचे खिमाड

वसई परिसरातील ईस्ट इंडियन घरांत लग्नकार्याच्या वेळी पाहुण्यांच्या हाती एक लहानसा पेला दिला जातो. त्यातील पेय गरम असते, दालचिनी, लवंग, वेलचीचा वास त्याला येत असतो आणि साखरेच्या गोडीमागे दारूची धग जाणवते. हे खिमाड. परदेशी असलेल्या नातलगांच्या सामानातून याच घरांत अधूनमधून कोन्याकची बाटलीही येते. पुष्कळदा ती शोभेसाठी कपाटात राहते, नाहीतर व्हिस्कीप्रमाणे सोडा आणि भरपूर बर्फ घालून संपवली जाते. वास्तविक, ज्यांना खिमाड समजते त्यांना कोन्याक समजणे मुळीच अवघड नाही.

वाइनपासून ब्रँडी

फळाचा किंवा झाडाचा गोड रस आंबवला की सौम्य मद्य तयार होते. ते तापवून त्याची वाफ थंड केली की कडक दारू मिळते. ताडाच्या रसाची ताडी, माडाच्या रसाची माडी आणि ती गाळून काढलेली दारू हा क्रम वसईला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ताडीच्या जागी द्राक्षाची वाइन घेतली की ब्रँडी होते. ‘जाळलेली वाइन’ या अर्थाच्या डच शब्दावरून हे नाव पडले. आपल्याकडे ब्रँडी म्हणून विकली जाणारी बरीचशी दारू मात्र उसाच्या मळीपासून केलेल्या मद्यार्काची असते. सर्दीवर चमचाभर देण्याचे औषध, अशीच ब्रँडीची ओळख अनेक घरांत आहे. ती औषध नाही आणि मुलांना तर ती कधीच देऊ नये.

कोन्याक ही ब्रँडीच. पण फ्रान्सच्या पश्चिम भागातील, शारांत नदीकाठच्या कोन्याक या गावाभोवतालच्या आखून दिलेल्या प्रदेशातच ती बनू शकते. तेथील युनी ब्लांक जातीच्या द्राक्षांची वाइन आंबट आणि सौम्य असते. नुसती प्यायला ती फारशी चांगली लागत नाही, पण गाळण्यासाठी उत्तम ठरते. तांब्याच्या भांड्यात ती दोनदा गाळली जाते. पहिल्या खेपेस सुमारे ३० टक्के मद्यार्काचा द्रव मिळतो, तर दुसऱ्या खेपेस सुमारे ७० टक्क्यांचा. गोव्यात काजूच्या रसापासून आधी उर्राक आणि पुढे फेणी निघते, तसाच हा प्रकार. एक लिटर मद्य मिळवण्यासाठी सुमारे नऊ लिटर वाइन खर्ची पडते.

त्यानंतरचे काम ओकच्या पिंपात होते. किमान दोन वर्षे मद्य त्यात मुरावे लागते. लाकडातून त्याला सोनेरी रंग आणि व्हॅनिलासारखा गंध मिळतो, तर हवेमुळे त्याचा तिखटपणा ओसरतो. या काळात दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. त्याला तेथे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. किंमत वाढण्याचे हेही एक कारण आहे.

बाटलीवरील अक्षरे

कोन्याक बहुधा अनेक पिंपांतील मद्यांचे मिश्रण असते आणि बाटलीवरील दर्जा त्यातील सर्वांत कोवळ्या मद्याच्या वयावरून ठरतो. ‘व्हीएस’ म्हणजे किमान दोन वर्षे, ‘व्हीएसओपी’ म्हणजे चार, तर ‘एक्सओ’ म्हणजे दहा वर्षे. २०१८ पूर्वी एक्सओसाठी सहा वर्षे पुरेशी होती. बाटलीत भरल्यावर मात्र कोन्याक मुरत नाही. त्यामुळे वीस वर्षे कपाटात ठेवलेली व्हीएस ही व्हीएसच राहते.

नुसती प्यावी कशी?

एक्सओ किंवा चांगली व्हीएसओपी नुसतीच घ्यावी. ३० मिलिलिटर पुरे. वर निमुळता होत जाणारा, ट्यूलिपच्या फुलासारखा पेला घ्यावा. सिनेमात दिसणारा मोठ्या पोटाचा पेला तळहातावर धरून तापवला, तर मद्यार्काची वाफच आधी नाकात शिरते. पेला प्रथम नाकापासून थोडा दूर धरून वास घ्यावा, मग हळूहळू जवळ आणावा. कोवळ्या कोन्याकला फुलांचा आणि ताज्या फळांचा गंध असतो. मुरलेल्या कोन्याकला सुक्या मेव्याचा, मसाल्याचा गंध येतो. वसईकराला त्यात सुकेळीची आठवण झाली तर नवल नाही. घोट अगदी लहान घ्यावा आणि जिभेवर थोडा वेळ ठेवावा. फार कडक वाटल्यास पाण्याचे दोन-चार थेंब घालावेत.

व्हीएस मात्र मिसळून घेण्यासाठीच अधिक योग्य. बर्फ आणि जिंजर एल घातली की उन्हाळी पेय तयार होते. दोन भाग कोन्याक, एक भाग संत्र्याचे लिकर आणि एक भाग लिंबाचा रस बर्फासह घुसळून गाळला की ‘साइडकार’ हे प्रसिद्ध कॉकटेल होते. गरम पाणी, साखर, लिंबू आणि लवंग घातली की ‘हॉट टॉडी’. ‘टॉडी’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘ताडी’वरूनच आलेला आहे! खिमाड हे या हॉट टॉडीचेच सख्खे भावंड म्हणावे लागेल.

नावाचे मोल

मग एकाला जगभर मान आणि दुसरे लग्नघरापुरते, असे का झाले? उत्तर बरेचसे कायद्यात आहे. फ्रान्सने १९०९ मध्ये कोन्याकच्या प्रदेशाची सीमा आखली आणि नावाला संरक्षण दिले. त्याच्या ३१ वर्षे आधी, १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने आपल्याकडे उलटी दिशा धरली होती. ताडी काढणे आणि दारू गाळणे परवान्यांत जखडले गेले, झाडांवर कर बसला आणि भंडारी समाजाच्या पिढीजात व्यवसायाला ओहोटी लागली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर गावठी दारू चोरटीच राहिली. चोरट्या दारूत मिथेनॉल आले की काय होते, ते २००४ मध्ये विक्रोळीने आणि २०१५ मध्ये मालवणीने पाहिले. गोव्याच्या काजू फेणीला मात्र २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची प्रतिष्ठा वाढली.

त्यामुळे आज खिमाड करायचे तर त्यातील दारू परवानाधारक दुकानातूनच घ्यावी. घरी गाळणे हा गुन्हा आहे आणि जिवावरचा धोकाही. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण हवीत आणि मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो. दोन्ही पेयांत मद्यार्क आहे, तेव्हा प्रमाण सांभाळावे आणि पिऊन गाडीला हात लावू नये.

वसईत ताडीचा रस, गाळण्याचे कसब आणि मसाल्याची जाण हे तिन्ही होते. कोन्याकला मिळाले तसे कायद्याचे पाठबळ आणि मुरण्यासाठी लागणारा काळ वसईच्या दारूला लाभला नाही. खिमाडची कृती मात्र घरोघरी टिकून आहे. ती जाणत्या माणसांकडून आताच लिहून घेतली, तर पुढच्या पिढीच्या लग्नातही तो लहानसा पेला फिरेल.