भिंतीबाहेर आलेली खिडकी

२०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान निघालं, तेव्हा त्या लाकडाची वाजतगाजत मिरवणूक निघाली होती. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला मान नवा नाही. आलापल्लीच्या जंगलातला सहा हेक्टरांचा 'वनवैभव' हा जुन्या सागाचा तुकडा तर २०१४ मध्ये राज्याचं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. त्याच पट्ट्यात, नागभीड ते चांदा फोर्ट या रेल्वेमार्गावर सिंदेवाही आहे. आजूबाजूला धान, त्यापलीकडे जंगल. आणि तरीही इथल्या जुन्या घरांच्या खिडक्या पाहिल्या तर हातभर रुंद, चार गज, दोन झडपा, संपलं.

यात गरिबीचा भाग आहे, पण अक्कलही आहे. मातीच्या जाड भिंतीला मोठं भोक पाडलं की भिंत खचते. मे महिन्यात शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा लहान खिडकीचं घर दुपारी तग धरतं. आणि बाहेर बसून रस्ता बघायचा तर त्यासाठी सपरी होतीच. कवेलूंच्या उतरत्या छपराखाली बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची, पावसात धान वाळत घालायचं. इंग्लंडातल्या माणसाने थंडीपायी घरात बसून जे सुख काचेआडून मिळवलं, ते या भागाने, म्हणजे झाडीपट्टीने, उघड्यावर मिळवलं होतं.

सपरी गेली आणि खिडकीची हौस आली, असा माझा अंदाज आहे. सिमेंटचं घर रस्त्याला चिकटून उभं राहतं, अंगणाची जागा गाडी घेते, आणि नागपूर-पुण्याला राहणाऱ्या मुलाच्या मोबाइलमधून एक चित्र येतं: भिंतीतून पुढे आलेली खिडकी, आत बसायला फळी, तीन बाजूंना काच. तिला बे विंडो म्हणतात. समोर एक रुंद तावदान आणि दोन्ही अंगांना तिरकी तावदानं, बहुधा ३० किंवा ४५ अंशांत वळलेली. बाजू सरळ काटकोनात असल्या तर ती पेटीसारखी दिसते. तिचीच बहीण बो विंडो. तिच्यात चार-पाच किंवा अधिक सारखी तावदानं थोडी-थोडी वळत जाऊन कमान धरतात.

आपल्याकडे हे अगदीच परकं नाही. जयपूरचा हवामहल १७९९ चा. त्याची अख्खी दर्शनी बाजूच पुढे आलेल्या झरोक्यांची. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये पुरा केला, त्याच्या दर्शनी भागावर कोरीव लाकडाचा सज्जा पुढे आलेला आहे. मुंबईने मात्र या खिडकीला वेगळंच वळण दिलं. तिथे बे विंडो, फुलझाडांचे कोनाडे वगैरे चटईक्षेत्रात मोजत नसत. बिल्डर ते बांधून खोलीत मिसळत आणि गिऱ्हाइकाला जागा म्हणून विकत. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलला, हे सगळं चटईक्षेत्रात धरलं गेलं आणि बदल्यात शुल्क भरून घरांसाठी ३५ टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र देऊ केलं. मुंबईतल्या कितीतरी अशा खिडक्या उजेडापेक्षा हिशेबापायी बाहेर आल्या होत्या.

सिंदेवाहीत हिशेब वेगळा. इथे प्रश्न वजनाचा आहे. साधी खिडकी भिंतीच्या भोकात बसते. ही खिडकी म्हणजे भिंतीला टांगलेली छोटी खोलीच. तिला स्वतःचं छप्पर लागतं, तळ लागतो, तीन भिंती लागतात, आणि आत माणूस बसणार म्हणून त्याचंही वजन धरावं लागतं. परदेशात ती कारखान्यातून जोडून येते. वरची फळी, खालची बैठकीची फळी, मध्ये चौकटी. भोकात सरकवतात, पाचरी मारून पाणसळीत आणतात, खालून कंस लावतात किंवा वरच्या तुळईतून पोलादी दोरांनी बैठक टांगून धरतात. तिथल्या भिंती बहुतेक लाकडी सांगाड्याच्या, म्हणून हे जमतं. आपल्या नऊ इंची विटेच्या भिंतीला खिळ्या-स्क्रूंच्या भरवशावर एवढं ओझं देणं धोक्याचं.

नवं घर असेल तर काम सोपं. खिडकीच्या सिलच्या पातळीवर बीम घ्यायचा, त्यातून दीड-दोन फूट स्लॅब बाहेर काढायचा, वर तसाच छज्जा. इथे एकच चूक वारंवार होते. आतल्या खोलीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या खाली टाकतात, त्याच सवयीने मिस्त्री बाहेर आलेल्या भागातही त्या खालीच ठेवतो. बाहेर लोंबणाऱ्या स्लॅबचा ताण वरच्या अंगाला येतो. सळ्या वर हव्यात आणि बाहेर दोन फूट असतील तर आत निदान तीन फूट गेलेल्या हव्यात. मजूर काँक्रीट ओतताना त्यांच्यावर पाय देऊन त्या खाली दाबतात, म्हणून त्यांच्याखाली आधार ठेवायचा आणि घरधन्याने तिथे उभं राहायचं. सेंट्रिंग दोन आठवडे काढायचं नाही.

उभ्या घरात भिंत फोडायची तर आधी वरचं छप्पर टेकूंवर घ्यायचं, भिंतीत आडवी खाच पाडून लिंटेल बसवायचं, ते दोन्ही टोकांना सहा इंच तरी भिंतीवर टेकलं पाहिजे, त्याला पाणी मारून पक्कं होऊ द्यायचं, आणि मगच खालचा भाग काढायचा. उलट क्रमाने केलेलं काम मी पाहिलं आहे. वरच्या विटा पायरीपायरीने खाली आल्या होत्या.

माझं मत विचाराल तर तळमजल्याच्या घरात हे लटकवणं टाळावं. सिंदेवाहीतली घरं बहुतेक एकमजली; खिडकीखाली पायापासूनच भिंत उचलावी. दोन हजार विटाही लागत नाहीत आणि टांगलेल्या वजनाची चिंता जाते. अडचण एकच, धानाच्या बांधीतली चिकण माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुना पाया बसून गेलेला असतो, नवा अजून बसायचा असतो, आणि दोघांच्या सांध्यावर तडा येतो. नवी जोत्याची पट्टी जुन्या बीमला सळ्यांनी बांधावी, किंवा मग सांधा उघडा ठेवून त्यात लवचीक सीलंट भरावं. प्लास्टरने झाकलेला सांधा पहिल्या उन्हाळ्यात बोलतो.

यानंतर वाढई येतो, आणि त्याची खरी परीक्षा कोपऱ्यात होते. ४५ अंशांचं वळण असेल तर कोपऱ्याच्या दोन्ही काठ्या साडेबावीस अंशांत कापाव्या लागतात; ३० ला पंधरा. बो विंडोत पाच तावदानं दहा-दहा अंशांनी वळत असतील तर कापणी पाच अंशांची आणि सांधे चार. प्रत्येक सांध्यात अर्धा अंश चुकला तरी शेवटचं तावदान भिंतीशी जुळत नाही. नेहमीचा गुण्या काटकोनाचा, त्याचा इथे उपयोग नाही. शहाणा वाढई आधी पुठ्ठ्यावर किंवा जमिनीवर खडूने पूर्ण माप उतरवतो, त्यावरच काठ्या ठेवून कापतो, आणि चौकट उभी करण्याआधी दोन्ही कर्ण मोजतो. झाडीपट्टीत माझं म्हणणं बे विंडो करा, बो नको. खर्च वाढतो, काच वाढते, चुकायला जागा वाढते.

लाकूड सागाचंच हवं असा हट्ट धरायला इथे कारण आहे. सागाच्या गाभ्यात तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही, आणि ते ऊन-पावसात कमी वळतं. पण हे सगळं गाभ्याचं. सालीलगतचं पांढरट लाकूड सागाचंच असलं तरी वाळवी ते खाते. पट्टी निवडताना तो पांढरा काठ आधी बघायचा. ओलं लाकूडही नको. बाराएक टक्के ओलीपर्यंत वाळलेलं लाकूड नसेल तर मे महिन्यात ४५ अंशांच्या तिरक्या सांध्यात बोट जाईल एवढी फट पडते. आणि ते आणायचं सरळ मार्गाने: वनविभागाच्या किंवा १९७४ पासून असलेल्या वनविकास महामंडळाच्या आगारातल्या लिलावातून, हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक परवान्यासह. स्वतःच्या शेतातला साग असला तरी तोडायला १९६४ च्या कायद्यानुसार परवानगी लागते, हे अनेकांना तोडल्यावर कळतं.

आता ऊन. सिंदेवाही सव्वावीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे साधारण २१ मे ते २३ जुलै भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तो उंचावर असल्याने दीड फुटाचा छज्जा त्याला अडवतो. पश्चिमेचं तसं नाही. तिथे सूर्य खाली उतरून सरळ काचेत शिरतो आणि कोणताही छज्जा त्याला थांबवत नाही. पश्चिमेला तीन बाजूंची काच म्हणजे भट्टीच. उत्तर उत्तम, पूर्व चालेल. पावसासाठी छज्ज्याच्या कडेखाली बोटभर खाच ठेवायची, म्हणजे पाणी तळाने आत न सरकता टपकतं. सिलला बाहेर उतार द्यायचा, आणि चौकट-भिंतीमधल्या फटीत नुसतं सिमेंट न भरता सीलंट भरायचं.

राहता राहिली वांदरं आणि बिबट. रात्री गावात शिरणारा बिबट इथे बातमी आहे, गोष्ट नाही. वांदरं तर रोजची. म्हणून काच टफन घ्यावी आणि बाहेर जाळी. वेल्डिंगवाला लगेच पूर्ण बंद बॉक्स ग्रिल सुचवतो. शहरांत अशा ग्रिलने आग लागल्यावर सुटकेचा रस्ता बंद होतो. इथेही सिलिंडर स्वयंपाकघरात असतोच. एका बाजूच्या ग्रिलला आतून उघडणारी, माणूस बाहेर पडेल एवढी झडप करून घ्यावी, तिला कुलूप लावलं तर किल्ली त्याच खोलीत खिळ्याला टांगावी, आणि ती झडप गंजून अडकली नाही ना हे दर दिवाळीला रंग देताना उघडून पाहावं. वेल्डिंगवाला त्यासाठी दोन बिजागऱ्यांचे पैसे जास्त मागेल, द्यावेत.