आधी नजर, मग टक्कर

एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाचा पहिला मोसम २०१२ मध्ये श्रीलंकेत खेळवला गेला. अंतिम सामन्यात पुणे मराठाजने दिल्ली डिफेंडर्सला ६-० असे हरवले. खेळ होता अमेरिकन फुटबॉल. आपल्या मुलांना तो नवखा, तरी पुण्याच्या बचावाने समोरच्याला एकही गुण मिळू दिला नाही.

या बचावाची पहिली फळी तीन-चार धिप्पाड गड्यांची. हात जमिनीला टेकवून ते दबा धरून बसतात. समोर हातभर अंतरावर चढाई करणाऱ्या संघाचे पाच आडदांड खेळाडू. लांबून पाहणाऱ्याला पुढची टक्कर नुसती रेटारेटी वाटते. पण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बचावपटूने समोरचा डाव ओळखलेला असतो.

ओळखायचे कशावरून? समोरच्या गड्याच्या हेल्मेटवरून. हेल्मेट खाली झुकून अंगावर आले, तर चेंडू घेऊन धावण्याचा डाव. ते वर उठून मागे सरकले, तर चेंडू फेकण्याचा. बाहेरच्या अंगाला सरकले, तर आपल्याला आत कोंडून बाहेरची वाट मोकळी करायची आहे, म्हणून हाताने त्याला रोखत बाहेरची बाजू धरायची. चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, आवाजाची हूल देतो. तिला फसून चेंडू हलण्याआधीच कोणी समोरच्याला भिडला, तर ५ यार्डांचा दंड. म्हणून कान बंद ठेवायचे आणि नजर चेंडूवर. तो हलला की समोरच्या हेल्मेटवर.

कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे परके वाटू नये. चढाईपटू हात नाचवतो, मान झटकतो. मुरलेला कोपरारक्षक तिकडे बघतही नाही. त्याची नजर पायांवर. बोनससाठी पाय आत पडला आणि मागचा उचलला गेला की तो चवडा धरतो. क्षणभर आधी झेपावला तर स्वतःच बाद. ताकद लागतेच, पण ती योग्य क्षणी लागावी लागते.

समोरच्याची हालचाल ओळखायला शिकवण्याची अमेरिकी प्रशिक्षकांची एक पद्धत फार साधी आहे. प्रशिक्षक बचावपटूच्या पाठीमागे उभा राहतो आणि समोरच्या गड्याला हाताने खूण करतो: पुढे ये, मागे सरक, बाहेर जा. बचावपटूला खूण दिसत नाही, दिसते ती फक्त समोरच्याची हालचाल. सुरुवातीला सगळे चालत, मग वेग वाढवत. पाडापाडी नाही, पाहायची फक्त पहिली दोन पावले. चेंडू काठीच्या टोकाला बांधून हलवतात, म्हणजे आवाजावर निघायची सवय मोडते. नवख्याला एका वेळी एकच खूण द्यावी. चार खुणा एकदम दिल्या तर तो विचार करत उभा राहतो आणि समोरचा त्याला ढकलून पुढे जातो.

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातील विभागीय क्रीडा संकुलातही हा सराव हेल्मेटशिवाय करता येईल. टक्कर मात्र वर्ज्य. दोघे समोरासमोर, तिसरा पाठीमागे खुणा करणारा, आणि काठीला बांधलेला एक चेंडू.