गिरणगाव : लेखांक १७ – संप कुणाच्या चुलीवर चालला?

या आठवड्यात परळच्या १९७० सालच्या पोटनिवडणुकीवर लिहायचं कबूल केलं होतं. ती पुढच्या वेळी. मधे एका वाचक बाईंचं पत्र आलं. १९२८च्या संपावर मी दोन लेखांक लिहिले, लाल बावट्याच्या युनियनचे सभासद त्या वर्षअखेर ५४ हजारांवर गेले हेही सांगितलं. पण सहा महिने पगार नव्हता, तर एकटे राहणारे गडी जेवत कुठे होते, एवढंच त्यांनी विचारलंय. संपाचा इतिहास खरं तर या प्रश्नापासूनच सुरू करायला हवा.

पुष्कळसे गावी गेले. रत्नागिरीकडचा गडी बोटीनं, साताऱ्याकडचा आगगाडीनं. गावची दोन बिघे जमीन म्हणजे संपातला पहिला आधार. संयुक्त संप समितीनं धान्यही वाटलं. पण सभा भरवायच्या, गिरणीच्या दरवाजावर उभं राहायचं, तर कुणीतरी मुंबईत थांबायलाच हवं. हे जे थांबले, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना वाण्याच्या आणि खानावळवालीच्या उधारीनं जगवलं.

खानावळ म्हटलं की आज पाटी, टेबलं, गल्ला डोळ्यांपुढे येतो. गिरणगावची खानावळ म्हणजे चाळीतली एकच खोली. १९२५ साली बर्नेट-हर्स्ट यांनी मुंबईच्या कामगारवस्तीची पाहणी छापली, तेव्हा शंभरातली ९७ कामगार कुटुंबं एका खोलीत राहत होती. त्याच खोलीत बाईचा संसार, त्यातच चूल, आणि त्यातच पंक्ती. जेवणाऱ्यांना ‘मेंबर’ म्हणायचे. मेंबर बहुधा एकाच गावचे किंवा एकाच तालुक्याचे. कोकण्याला भात आणि माशाचं कालवण लागायचं, घाटावरच्याला भाकरी; त्यामुळे कोण कुठे जेवतो यावरून त्याचा मुलूख कळायचा, आणि खरं सांगायचं तर जातही. ही बाजू झाकून खानावळीचं कौतुक करणं मला पटत नाही.

तीन पाळ्या सुरू झाल्यावर बाईचा दिवस कसा असेल ते पाहा. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. पहिल्या पाळीच्या गड्याची भाकरी भल्या पहाटे तव्यावर पडायला हवी आणि दुसऱ्या पाळीचा मध्यरात्रीनंतर जेवायला येणार. शिवाय पाणी नळाला येईल तेव्हाच भरायचं. हे सगळं महिनाभर स्वतःच्या पैशानं, म्हणजे बहुतेक वेळा वाण्याच्या उधारीनं. मेंबर पैसे देणार पगाराला. गिरणी चालू असतानासुद्धा कामगाराचा महिना ही बाई आधी आपल्या अंगावर घ्यायची. संपात एवढंच व्हायचं की पगाराचा दिवस येतच नसे.

या बायका कोण होत्या? कुणाचा नवरा गिरणीत, कुणाचा वारलेला, कुणाचा सोडून गेलेला. काहींनी स्वतः गिरणीत काम केलेलं. १९२०च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचातली एक बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, पुढे नवी यंत्रं आली, रात्रपाळी वाढली पण बायकांना तिथे बंदी. मालकांनी बायका घेणंच कमी केलं. खात्यातून बाहेर पडलेल्या बाईला पोटासाठी जे सुचण्यासारखं होतं, त्यात चूल पहिली. म्हणून मी तिला गिरणी कामगारच मानतो. तिची नोंद मात्र कुठल्याही मस्टरवर नाही, आणि बोनस, ग्रॅच्युइटी, तडजोड यांतल्या कशातही तिचा वाटा नव्हता.

१९७४च्या सुरुवातीचा बेचाळीस दिवसांचा संप आठवा. त्यात या बायकांची ओढाताण अगदी जवळून पाहिली ती प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, कम्युनिस्ट पक्षात वाढलेल्या. संपकऱ्यांना जेवू घालताना या बायका सावकाराकडे गहाण पडतात आणि युनियनच्या ठरावात त्यांचं नावही नसतं, हे त्यांनी ओळखलं. १९७५ साली त्यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालंच होतं. खानावळवालीला बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, हा त्यांचा आग्रह. तारण ठेवायला दागिना नाही, कागद नाही, तर शेजारच्या बायका एकमेकींच्या जामीन राहिल्या. गिरणगावात गेल्या शतकात झालेल्या मोठ्या राजकीय कामांत मी हे काम धरतो.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानं मात्र हिशेबच संपवला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, महिन्यांमागून महिने. गावी गेलेले कित्येक मेंबर परतलेच नाहीत आणि त्यांची थकबाकी बाईच्या नावावर राहिली. गिरण्यांच्या जमिनींवरून पुढे इतकी वर्षं भांडणं झाली, घरांच्या सोडती निघाल्या. त्या थकबाकीचा विषय कुणी काढला नाही.

ज्यांच्या घरी खानावळ होती त्यांनी महिन्याचा दर, आठवड्याचे वारांप्रमाणे पदार्थ आणि खाड्याचे पैसे कापत की नाही, हे जरूर कळवावं. पुढच्या लेखांकात नक्की पोटनिवडणूक: ५ जून १९७०ला आमदार कृष्णा देसाईंचा खून, त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई मैदानात, समोर वामनराव महाडिक.