बिल स्कॉट

विल्यम जॉन ऊर्फ बिल स्कॉट (२ ऑगस्ट, १९२०, फिलाडेल्फिया – २९ नोव्हेंबर, १९८५, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन कार्टूनपटांचे लेखक, निर्माते आणि आवाज-अभिनेते होते. बुलविंकल या मूस जातीच्या हरणाला त्यांनी आवाज दिला. त्याच्या मालिकेचे प्रमुख लेखकही तेच होते.

== चित्रपटगृहांसाठीचे लेखन ==
दुसऱ्या महायुद्धात स्कॉट अमेरिकी लष्कराच्या हवाई दलातील चित्रपट विभागात होते. युद्धानंतर वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत आर्थर डेव्हिस यांनी दिग्दर्शित केलेल्या लघुपटांसाठी त्यांनी लॉइड टर्नर यांच्यासह कथा रचल्या. पुढे ते यूपीए या संस्थेत गेले. तेथे डॉ. स्यूस यांच्या कथेवरून 'जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग' (१९५०) या लघुपटाची पटकथा त्यांनी फिल ईस्टमन यांच्यासह लिहिली. शब्दांऐवजी केवळ ध्वनी काढणाऱ्या मुलाच्या या कथेस ऑस्कर पुरस्कार मिळाला.

== जे वॉर्ड यांच्यासमवेत ==
निर्माते जे वॉर्ड यांच्या 'रॉकी अँड हिज फ्रेंड्स' या मालिकेचे प्रसारण १९ नोव्हेंबर, १९५९ रोजी सुरू झाले. १९६१ पासून ती 'द बुलविंकल शो' या नावाने दाखवली जाऊ लागली. स्कॉट तिचे सहनिर्मातेही होते. बुलविंकलचा भोळसट स्वर, मिस्टर पीबॉडी या विद्वान कुत्र्याची सुसंस्कृत वाणी आणि डडली डू-राइट या कॅनडातील घोडेस्वार पोलिसाचा सरळमार्गी आवाज हे सर्व एकट्या स्कॉट यांचे होते. उडणारी खार असलेल्या रॉकीचा आवाज जून फोरे यांचा होता.

== लेखनाचे वैशिष्ट्य ==
दूरचित्रवाणीसाठी पैसा आणि वेळ कमी असल्याने मोजकीच चित्रे काढली जात. या मालिकेचे बरेचसे चित्रकाम मेक्सिकोतील स्टुडिओत होई आणि त्यात हालचाल बेताचीच असे. ही उणीव संवादांनी भरून काढली. पात्रे निवेदकाशी हुज्जत घालत आणि आपण कार्टूनमध्ये आहोत याची जाणीवही दाखवत. भागाच्या अखेरीस निवेदक पुढील भागाची दोन शीर्षके सांगे. त्यांत बहुधा शब्दांचा खेळ असे. बोरिस बॅडेनॉव्ह हे खलनायकाचे नाव रशियाचा झार बोरिस गोदुनोव्ह याच्या नावावरील श्लेष आहे. मुलांना गोष्ट आणि मोठ्यांना उपहास, असा दुहेरी आस्वाद त्यामुळे मिळे.

मालिकेच्या श्रेयनामावलीत स्कॉट यांचा निर्मिती व लेखनासाठी उल्लेख असे. आवाज देणाऱ्यांच्या यादीत मात्र त्यांचे नाव नसे. त्यामुळे घरोघरी ओळखीचा झालेला बुलविंकलचा आवाज कोणाचा, हे मालिका पाहून प्रेक्षकांना कळत नसे.

== उत्तरायुष्य ==
'जॉर्ज ऑफ द जंगल' (१९६७) या मालिकेत जॉर्ज, सुपर चिकन आणि टॉम स्लिक या तिन्ही नायकांचे आवाज स्कॉट यांचेच होते. सप्टेंबर १९८५ मध्ये सुरू झालेल्या डिस्नेच्या 'गमी बेअर्स' मालिकेत त्यांनी ग्रफी या अस्वलाला आवाज दिला. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांचे निधन झाले.