खेळाडू कुणाच्या हद्दीतला?

१९९७ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात आठवीच्या काही मुलांच्या घरी एक पत्र आलं. नॅशव्हिलजवळच्या ब्रेंटवुड अकॅडमी या खासगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने ते पाठवलं होतं. या मुलांचा नववीचा प्रवेश तिथे आधीच नक्की झाला होता. सराव सुरू होतोय, आत्तापासूनच या, त्यात तुमचाच फायदा आहे, असा पत्राचा आशय. खाली लिहिलं होतं, 'तुमचा कोच'.

राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने या पत्राला खेळाडू फितवण्याचा प्रकार ठरवलं. शाळेला ३,००० डॉलर दंड झाला, चार वर्षं देखरेखीखाली ठेवण्यात आलं आणि फुटबॉल व मुलांच्या बास्केटबॉल संघांना दोन वर्षं बाद फेरीची दारं बंद झाली. शाळा कोर्टात गेली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं, आणि एकदा नाही, दोनदा. २००१ मध्ये पाच विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालय म्हणालं की, संघटना नावाला खासगी असली तरी तिचे ८४ टक्के सभासद सरकारी शाळा आहेत, तेव्हा सरकारी यंत्रणेवर असतात ती घटनेची बंधनं तिच्यावरही आहेत. हा शाळेचा विजय होता. पण २००७ मध्ये न्यायालयाने संघटनेच्या बाजूने कौल दिला. कोवळ्या वयाच्या मुलांना खेळासाठी गळ घालण्यावर बंदी आणली, म्हणून शाळेचं भाषणस्वातंत्र्य हिरावलं जात नाही, असा त्याचा अर्थ होता. तोवर पत्र मिळालेली मुलं कॉलेज संपवून नोकरीला लागण्याच्या वयाची झाली होती.

एका पत्रासाठी दहा वर्षांची कोर्टबाजी आपल्याला अजब वाटेल. पण अमेरिकेत शालेय खेळ म्हणजे वार्षिक स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशीच्या शर्यती नव्हेत. तिथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, आणि या वयोगटात शाळेकडून खेळणाऱ्यांची संख्या ८० लाखांच्या पुढे गेली आहे (एक मूल दोन खेळ खेळत असेल तर ते दोनदा धरून). सरकारी शाळेचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो. मूल ज्या हद्दीत राहतं, तिथल्याच शाळेत साधारणपणे जातं. त्यामुळे शुक्रवारी रात्री दिव्यांच्या झोतात खेळणारा फुटबॉल संघ हा त्या गावाचा संघ असतो. त्याला हरवणारा संघ जर पाच-पन्नास गावांतून निवडलेल्या मुलांचा असेल, तर हार पचत नाही.

नेमका हाच खासगी शाळांवरचा आक्षेप आहे. त्यांना हद्द नसते. तासाभराच्या अंतरावरचा धिप्पाड पोरगा त्यांच्याकडे प्रवेश घेऊ शकतो, गरजेप्रमाणे त्याला फीमध्ये सवलत मिळू शकते, आणि कुठलाही नियम न मोडता तो संघात येतो. वाद मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलचा, पण पोहणं, टेनिस, व्हॉलीबॉल यांतही कुरबुर ऐकू येतेच. अमेरिकेत शालेय खेळांचा कारभार प्रत्येक राज्याची संघटना पाहते. बहुतेक ठिकाणी पटसंख्येनुसार गट पाडलेले असतात, लहान शाळा लहान शाळांशी आणि मोठ्या मोठ्यांशी. पट सांगतो शाळेत मुलं किती आहेत. ती कुठून आली, हे तो सांगत नाही. सगळ्या भांडणाचं मूळ या एका उणिवेत आहे.

या वादातलं सगळ्यांत गाजलेलं नाव बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सचं. ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात तो आणि त्याचे दोस्त लहानपणापासून एकत्र खेळत. कृष्णवर्णीय वस्तीतली ही पोरं सरकारी बुक्टेल हायस्कूलमध्ये जातील असं सगळे धरून चालले होते. पण त्यांच्यातल्या उंचीने कमी असलेल्या ड्रू जॉइसला तिथल्या मुख्य संघात जागा मिळेल असं वाटेना. शिवाय आधी कॉलेजचे संघ घडवलेले कीथ डॅम्ब्रॉट आता सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी या कॅथलिक शाळेत शिकवत होते. दोस्तांनी ठरवलं, जायचं तर सगळ्यांनी मिळून. शाळेने २०००, २००१ आणि २००३ मध्ये राज्य अजिंक्यपद पटकावलं. वस्तीतल्या अनेकांना मात्र आपली मुलं परक्यांनी नेली असं वाटलं, आणि तो राग त्या मुलांनी सोसला.

इथे जरा थांबायला हवं. त्या मुलांनी काय गैर केलं? एका मित्राला एकटं पडू दिलं नाही आणि चांगला प्रशिक्षक निवडला. कुठल्याही आईबापाने हेच सुचवलं असतं. तरीही बुक्टेलच्या संघाचं नुकसान खरं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणून तर हा प्रश्न सुटायला इतका अवघड.

खासगी शाळांचीही एक बाजू आहे आणि ती नीट ऐकून घेतली जात नाही. 'खासगी शाळा' म्हटलं की डोळ्यांसमोर लास व्हेगासची बिशप गोर्मन येते, जिने २००९ ते २०१८ अशी सलग दहा वर्षं नेवाडाचं फुटबॉल अजिंक्यपद सोडलं नाही. किंवा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मेटर डे आणि सेंट जॉन बॉस्को. तिथल्या विभागाच्या सर्वोच्च गटातली विजेतेपदं २०१६ ते २०२४ या काळात या दोघींनीच आपसांत वाटून घेतली. पण अशा शाळा मोजक्या. त्यांच्यामागे शेकडो छोट्या धार्मिक शाळा आहेत, ज्यांच्याकडे धड मैदानही नसतं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत ५० लाखांहून अधिक मुलं होती. आता ती १७ लाखांच्या आसपास उरली आहेत. दरवर्षी टाळं लागण्याच्या भीतीत जगणाऱ्या शाळेला 'तुम्ही खेळाडू विकत घेता' हे ऐकावं लागणं क्लेशाचं आहे.

संघटनांनी शोधलेला पहिला उपाय गुणाकाराचा. अलाबामाने १९९९ मध्ये खासगी शाळांचा पट १.३५ ने गुणायला सुरुवात केली. म्हणजे ४०० मुलांची शाळा कागदावर ५४० ची झाली आणि वरच्या गटात ढकलली गेली. पुढे इलिनॉयने १.६५ हा आकडा धरला. यात अलाबामाचा मार्ग सगळ्यांत ढोबळ होता. सलग पाच वर्षं जिंकणारी शाळा आणि सलग पाच वर्षं हरणारी शाळा, दोघींना एकच आकडा. इलिनॉयने त्यातल्या त्यात शहाणपण दाखवलं. गुणाकार 'खासगी' या पाटीला न लावता हद्द नसलेल्या शाळांना लावला. त्यामुळे शहरभरातून मुलं घेणाऱ्या काही सरकारी शाळाही त्यात आल्या, आणि जिंकत नसलेल्या शाळांना पुढे सूटही मिळाली. जॉर्जियाने २०२२ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. हद्दीबाहेरून येणारा प्रत्येक विद्यार्थी तिपटीने मोजायचा, मग शाळा कुठलीही असो.

ओहायोने तर खेळाडूच मोजायला घेतले. तिथल्या शाळांनी याबाबतचे प्रस्ताव २०११, २०१२ आणि २०१३ असे तीनदा फेटाळले, चौथ्या खेपेला, २०१४ मध्ये स्वीकारले. संघातल्या मुलाचे पालक कुठे राहतात, तो त्याच शिक्षणव्यवस्थेत सातवीपासून आहे की नंतर आला, हे पाहून शाळेच्या पटात भर टाकली जाते. किचकट आहे, कागदपत्रं वाढतात, मुख्याध्यापक वैतागतात. पण जे मोजायला हवं तेच मोजणारी पद्धत म्हणून ती मोलाची आहे.

सरकारी शाळा बिचाऱ्या आणि खासगी लबाड, अशी वाटणी करणाऱ्यांनी बेलव्ह्यूची हकिगत जरूर वाचावी. ती सुरू होते दुसऱ्याच एका शाळेपासून. कॅलिफोर्नियातल्या काँकॉर्ड गावची डे ला साल ही मुलांची कॅथलिक शाळा. बॉब लाडुसर यांच्या प्रशिक्षणाखाली तिच्या फुटबॉल संघाने १९९२ पासून सलग १५१ सामने जिंकले. ही मुलं गोळा करून आणलेली आहेत, हा आरोप त्या सगळ्या काळात तिच्यामागे लागलेला होता आणि शाळा तो नाकारत होती. सप्टेंबर २००४ मध्ये सिअ‍ॅटलच्या व्यावसायिक स्टेडियमवर तिची मालिका ३९-२० अशी खंडित झाली. हरवणारा संघ वॉशिंग्टन राज्यातल्या सधन बेलव्ह्यू उपनगरातल्या सरकारी शाळेचा होता. साध्या हद्दीतल्या पोरांनी बलाढ्य खासगी शाळेला लोळवलं, असं त्याचं कौतुक झालं.

बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच बेलव्ह्यूच्या फुटबॉलची चौकशी झाली. फुटबॉल संघ नसलेल्या खासगी शाळेतल्या मुलांना जवळच्या सरकारी शाळेकडून खेळता येतं, अशी वॉशिंग्टनमध्ये सोय होती. चौकशी अहवालानुसार काही खेळाडू एका छोट्या खासगी शाळेत नाव घालून बेलव्ह्यूकडून खेळत होते, त्यांच्या फीचा भार संघाचे पाठीराखे उचलत होते आणि काहींनी राहण्याचे पत्ते खोटे दिले होते. संघाला बाद फेरीपासून दूर ठेवण्याची शिक्षा झाली. हद्द ज्यांना आहे, तेही ती ओलांडण्याच्या वाटा काढतात. पैसेवाल्या उपनगरात तर त्या वाटा अधिक रुंद असतात.

दुसरा उपाय यश मोजण्याचा. इंडियानामध्ये १९५४ साली मिलान या गावातल्या अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने बलाढ्य मन्सी सेंट्रलला ३२-३० असं हरवून बास्केटबॉलचं राज्य अजिंक्यपद मिळवलं. तेव्हा तिथे गटच नव्हते, सगळ्यांची एकच स्पर्धा. १९९७-९८ च्या हंगामात गट आले, आणि पुढे नियम झाला की ठराविक काळात भरपूर जिंकणारा संघ आपोआप वरच्या गटात जाईल. कागदावर हा नियम न्याय्य वाटतो. पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपाला विचारलं तर उत्तर वेगळं मिळेल.

अलिक्विपा हे पिट्सबर्गजवळचं पोलादाचं गाव. कारखाना गेला, लोक गेले, गरिबी राहिली. सरकारी शाळेचा पट इतका कमी की हिशेबाने ती सगळ्यांत खालच्या गटात बसते. पण माइक डिटका, टाय लॉ आणि डॅरेल रेव्हिस हे फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममधले तीन खेळाडू याच शाळेतून घडले. तिथल्या संघटनेने यश आणि बाहेरून आलेल्या खेळाडूंची संख्या एकत्र करून सूत्र तयार केलं. खासगी शाळांना आवर घालावा ही मागणी त्यामागे होती, पण त्या सूत्रात अलिक्विपाच सापडली. आधीच चौथ्या गटापर्यंत चढलेल्या या शाळेवर त्याहून वरच्या पाचव्यात जायची वेळ आली तेव्हा तिने २०२४ मध्ये न्यायालय गाठलं. मोठ्या शाळांच्या भल्यामोठ्या फौजेसमोर मोजकी मुलं पुन्हा पुन्हा उतरवली तर ती जखमी होतील, हा तिचा मुद्दा होता. न्यायाधीशांनी बढती रोखली. यश हे नेहमी फितवण्याचं फळ नसतं. कधी कधी गावाकडे दुसरं काही उरलेलं नसतं, म्हणून ते खेळात जीव ओततं.

तिसरा मार्ग वेगळं होण्याचा. व्हर्जिनियात सरकारी आणि खासगी शाळांच्या संघटनाच निराळ्या आहेत. टेक्सासातही तसंच आहे. फक्त डॅलस आणि ह्यूस्टन इथल्या दोन जेझुइट कॅथलिक शाळांना सरकारी शाळांच्या संघटनेत जागा आहे, तीही सर्वांत मोठ्या गटात. न्यू जर्सीत अजिंक्यपदाच्या स्पर्धा वेगळ्या, पण एरवीचे साखळी सामने एकत्र.  वेगळं केल्याने भांडण मिटतं हे खरं. पण गल्लीपलीकडच्या शाळेशी भिडण्याची मजाही जाते आणि लहान खासगी शाळांना खेळायला पुरेसे प्रतिस्पर्धी उरत नाहीत. पेनसिल्व्हेनियाला तर हा मार्गही सोपा नाही, कारण १९७२ च्या कायद्याने खासगी शाळांना सरकारी शाळांसोबत खेळण्याचा हक्क मिळाला आहे आणि तो डावलता येत नाही असं संघटना सांगते.

आता या भांडणात सरकारी पैसा उतरतो आहे. अ‍ॅरिझोनाने २०२२ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२३ मध्ये खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी मदत जवळपास सर्व कुटुंबांना खुली केली. टेक्सासने २०२५ मध्ये अशाच योजनेसाठी एक अब्ज डॉलरची तरतूद केली. फ्लोरिडात तर २०१६ च्या कायद्यानेच सरकारी शाळांचे दरवाजे हद्दीबाहेरच्या मुलांना उघडले आणि शाळा बदलणाऱ्या खेळाडूला लगेच खेळायची मुभा मिळाली. हद्दच विरघळत चालली, तर सरकारी आणि खासगी ही वाटणी धरून बसण्यात अर्थ नाही. अलाबामासारखा ढोबळ गुणाकार सोडावा, अलिक्विपाला अडकवणारं सूत्र सुधारावं आणि ओहायोसारखं प्रत्येक संघातलं प्रत्येक मूल कुठून आलं ते मोजावं. सरकारी मदतीवर चालणाऱ्या खासगी शाळांनीही ही मोजणी विनातक्रार मान्य करावी. फीचे पैसे मुलांसोबत नव्या शाळांकडे आणखी जोराने वाहू लागण्याआधी राज्यांनी हे काम हातात घ्यायला हवं.