न हलण्यासाठी गाळलेला घाम

"जागेवर उभं राहून चाप ओढायचा, त्यात कसली आलीये मेहनत?" रायफल रेंजवर वावरणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न ऐकलेला असतो. कुस्तीच्या कोल्हापूर जिल्ह्यात तर तो हमखास येतो. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य जिंकल्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एक आखाड्यातलं, दुसरं रेंजवरचं. कष्ट मात्र दोन्हीकडे शरीराचेच.

स्वप्निल त्या दिवशी फक्त काळा चहा पिऊन फायनलला उतरला होता. पोटात गोळा आला होता, अन्न जाईना. थ्री पोझिशन प्रकारात आधी नीलिंग (गुडघ्यावर बसून), मग प्रोन (पोटावर झोपून) आणि शेवटी स्टँडिंग (उभं राहून). रायफलचं वजन आठ किलोपर्यंत असू शकतं आणि पन्नास मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ असतं जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. नीलिंगनंतर तो सहावा होता, प्रोननंतर पाचवा. शरीर थकल्यावर येते ती स्टँडिंग. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, पाठ मागे आणि बाजूला वळवायची, सगळा भार मणक्यावर घ्यायचा. इथेच भलेभले घसरतात. स्वप्निल इथेच तिसऱ्या क्रमांकावर चढला आणि ४५१.४ गुणांवर पदक घेऊन थांबला.

टीव्हीवर न दिसणारा भाग याहून मोठा. कॅनव्हास आणि चामड्याचं ते ताठ जॅकेट उन्हाळ्यात अंगावर चढवलं की आतला टी-शर्ट भिजून चिंब होतो. रेंज बंद झाली तरी सराव संपत नाही. खोलीतल्या भिंतीवर ठिपका काढून, गोळी न भरता नुसतीच रायफल रोखून धरायची. त्याला ड्राय फायर म्हणतात. सराव आटोपल्यावर पाठ मोकळी करायला थेट फरशीवर आडवे होणारे नेमबाज कुठल्याही रेंजवर दिसतील.

नेमबाज अभिनव बिंद्रा २००६ मध्ये जगज्जेता झाला आणि पाठीच्या दुखापतीमुळे त्याच वर्षी दोहाच्या आशियाई स्पर्धेला मुकला. बीजिंग ऑलिंपिकला जाण्यापूर्वी जर्मनीत तो कमांडोंच्या सरावाच्या उंच खांबावर चढला. अर्ध्यावर भीतीने पाय थरथरले, तरी तो टोकापर्यंत गेला. फायनलच्या ताणात शरीर ताब्यात ठेवायची ती तालीम होती. २००८ मध्ये बीजिंगच्या फायनलमध्ये शेवटच्या गोळीला त्याने १०.८ मारले आणि सुवर्ण जिंकलं.

धावपटूचं काळीज धडधडलं तर कुणाला काही वाटत नाही. नेमबाजाच्या नळीला मात्र प्रत्येक ठोका जाणवतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजांचे ठोके पडद्यावर दाखवले गेले, तेव्हा स्तब्ध उभ्या माणसाच्या छातीत काय चाललेलं असतं ते जगाने पाहिलं. ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर औषधांवर नेमबाजीत आणि तिरंदाजीत बंदी आहे, ती यासाठीच. उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याने बीजिंगमध्ये जिंकलेली दोन्ही पदकं अशाच औषधापायी परत घेतली गेली.

मॅरेथॉन धावणारा नेमबाजापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा खर्च करतो, हे खरंच. पण धावताना दमलेल्या शरीराला डुलायची, धापा टाकायची मुभा असते. नेमबाजाला दमूनही हलता येत नाही. म्हणून पालकांना आणि शाळांना एकच विनंती. मूल रायफल किंवा धनुष्य हाती घेणार असेल, तर नेम शिकवणाऱ्या प्रशिक्षकाइतकंच त्याच्या पाठीकडे, पायांकडे आणि आहाराकडे लक्ष द्या. हा सोपा खेळ आहे असं त्याला सांगू नका.